टाकीतला पाकट आणि टाकीत जाणारा हात

मुलांच्या हट्टाचे विषय काळाबरोबर बदलतात. एके काळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणलेला एखादा सोनेरी मासा आणि लोणच्याची रिकामी बरणी एवढ्यावर घर खूश असे. आता मोबाईलवरच्या चित्रफितींत कुणाच्या तरी दिवाणखान्यातली आठ-दहा फुटांची काचेची टाकी दिसते. तिच्या तळाशी काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला, थाळीसारखा चपटा मासा कडा हलवीत जणू उडत जातो. दुकानदार त्याला ‘स्टिंगरे’ म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर त्याच्या भाऊबंदांना पाकट म्हणतात, आणि कोळणीच्या पाटीत त्याचे तुकडे पाहिले नाहीत असा मुंबईकर विरळाच.

हा मासा घरी आणावा काय, असे मुले विचारू लागली आहेत. काही तरुण तर याची पैदास करून पैसा मिळेल म्हणून कर्ज काढण्याच्या विचारात आहेत. आणि तिसरा एक वर्ग आहे, ज्याच्याविषयी कुणीच लिहीत नाही. मोठ्या घरांतल्या, हॉटेलांतल्या, कार्यालयांतल्या टाक्या धुणारी, पाणी बदलणारी पोरे. ती बहुतेक आपल्याच वस्त्यांतली असतात. मालक काचेबाहेरून पाहतो, टाकीत हात घालतो तो आपला मुलगा. हा लेख या तिघांसाठी आहे, पण मनात अधिक आहे तो तिसरा.

बशीएवढे पिल्लू, परातीएवढा मासा

घरच्या टाकीत पाळतात तो पाकट समुद्रातला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन, ओरिनोको, पराना अशा नद्यांतला, गोड्या पाण्यातला आहे. त्याचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातून नदीत आले आणि तिथलेच झाले. समुद्रातले पाकट आणि मुशी रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी तोल राखतात. नदीच्या पाकटाने ती शक्तीच गमावली आहे, त्यामुळे त्याला आता समुद्रात परत जाता येत नाही. त्याच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तसा हा लवचीक पदार्थ. रोहू-कटल्यासारखे खवले नाहीत. डोळ्यांच्या मागे दोन छिद्रे असतात. वाळूत अंग पुरून बसला की तो त्यांतून पाणी आत ओढून श्वास घेतो. तोंड मात्र खाली, पोटाच्या बाजूला.

मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते. साधारण तीन महिने पिल्ले पोटात वाढतात आणि त्या काळात गर्भाशयाच्या भिंतीतून दुधासारखा रस पाझरतो, त्यावर ती पोसली जातात. ‘मासा म्हणजे बिनडोक जीव’ असे समजणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

दुकानात दाखवतात ते बशीएवढे पिल्लू असते. ‘मोटोरो’ नावाची जी जात बाजारात अधिक येते, तिचे अंग वाढून अर्धा मीटर रुंद, कधी त्याहून मोठे होते. म्हणजे घरातली परात घ्या, आणि मागे शेपटी जोडा. चांगली निगा राहिली तर तो दहा-पंधरा वर्षे जगतो. आज सातवीत असलेल्या मुलाने हट्टाने आणलेला मासा त्याच्या लग्नापर्यंत घरात असू शकतो!

गोड्या पाण्यातला पाकट किती मोठा होऊ शकतो, याचे उदाहरण कंबोडियात मिळाले. थेरवादी बौद्धांच्या त्या देशात जून २०२२ मध्ये मेकाँग नदीत एका मच्छीमाराच्या गळाला महाकाय पाकट लागला. ही आशियाई जात वेगळी. लांबी जवळजवळ ४ मीटर, वजन ३०० किलो. आजवर नोंद झालेला गोड्या पाण्यातला हा सर्वांत मोठा मासा. शास्त्रज्ञांनी मच्छीमाराला बाजारभावाने पैसे दिले, माशाला खुणेचे यंत्र लावले आणि नदीत परत सोडले. गावकऱ्यांनी त्याचे नाव ठेवले ‘बोरामी’, ख्मेर भाषेत पौर्णिमा. मच्छीमाराचे पोटही भरले आणि मासाही जगला, हे आम्हाला त्या बातमीत फार आवडले.

खोली कुणाची, पाणी कुणाचे

आता हिशेब करू. पाकट वर-खाली पोहत नाही, तळावर पसरतो. म्हणून त्याला खोल टाकी नको, रुंद टाकी हवी. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी ही मध्यम आकाराच्या एका पाकटाला कमीत कमी धरा. जाणकार याहून रुंद मागतात. हिच्यात सुमारे ८५० लिटर पाणी मावते. म्हणजे ८५० किलो वजन, त्यात काच, वाळू आणि लोखंडी स्टँड धरलेलाच नाही. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत एका कोपऱ्यात चौदा माणसे दिवसरात्र एकमेकांच्या खांद्यावर उभी ठेवल्यासारखे हे ओझे झाले. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर असले धाडस कुणी करू नये.

पाकट मांसाहारी, खादाड, आणि घाणही तेवढीच करतो. त्याच्या विष्ठेतून व उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. अमोनियाने बाकी मासे आजारी पडतात, पाकट सरळ मरतो. अमोनिया पचवणारे उपयोगी जंतू गाळणीत वाढावे लागतात आणि त्याला महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकीत मासा सोडायचा नसतो. ‘आज टाकी, आजच मासा’ असे सांगणारा दुकानदार आपल्याला फसवतो आहे असे खुशाल समजावे. जंतू वाढले तरी दर आठवड्याला निदान एक तृतीयांश पाणी बदलावेच लागते. म्हणजे २८० लिटर, पंधरा लिटरच्या हंड्याने एकोणीस हंडे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते या माशाच्या कल्ल्यांना जाळते. म्हणून पाणी आधी साठवून ठेवा, नाहीतर क्लोरीन मारणारे औषध घाला.

ज्या वस्तीत नळ तासभर येतो, जिथे पहाटे चारला उठून बाया रांगेत उभ्या राहतात, तिथे दर आठवड्याला एकोणीस हंडे माशासाठी कोण भरणार? घरातली बाईच. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पाण्याला हात लावला, त्यांना पाण्याचे मोल दुसऱ्याने सांगायला नको. बाप टाकी आणतो, मुलगा मासा दाखवतो आणि पाणी आई वाहते, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

विजेचेही तसेच. पंप आणि हवेचे यंत्र मिळून फक्त १०० वॉट धरले तरी ते चोवीस तास चालते, महिन्याला ७२ युनिट. भारनियमनाच्या गावात तर बोलायलाच नको. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि गाळणीतले जंतूही मरू लागतात. थंडीच्या भागात हीटर लागतो. त्याला जाळी लावली नाही तर पाकट त्याच्यावर अंग टेकून बसतो आणि भाजतो. टोकदार खडी घातली तर पोट सोलते, बारीक मऊ वाळूच हवी. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून लोक टाकीत ‘सकर’ मासा सोडतात. तो पाकटाच्या पाठीवर चिकटून अंगावरचा चिकट थर खरवडून खातो. इतर माशांच्या रोगावर चालणारी तांब्याची औषधे खवले नसलेल्या या माशाला विष ठरतात.

आमच्या वाचकांच्या घरी मासे खातात, पाकटही खातात. तेव्हा सोवळेपणाचा आव आम्ही आणणार नाही. पण चटकन मारून खाणे वेगळे आणि शोभेसाठी वर्षानुवर्षे अर्धवट पाण्यात कोंडून ठेवणे वेगळे. नागपूरला १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती भिंतीवर फ्रेम करून लावायची आणि तिच्याच खाली दोन फुटांच्या टाकीत पाकट गोल गोल फिरवायचा, हे जुळत नाही.

टाकी अमुक दिशेला ठेवली की पैसा येतो, अमुक मासा मेला म्हणजे घरावरची पीडा गेली, असे सांगणारे वास्तुवाले आता आपल्याही वस्त्यांत फिरू लागले आहेत. त्यांना एवढेच विचारावे, की मासा मेला तो पीडेने की अमोनियाने?

शिंगू नदीचा काळा पाकट

चित्रफितीतला तो काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा पाकट ब्राझीलच्या शिंगू नदीच्या खोऱ्यातला आहे. जगात दुसरीकडे कुठेच तो निसर्गात सापडत नाही. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले ते बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याचे. नदीकाठचे आदिवासी त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते, पण पुस्तकात नाव चढले ते राजाचे. हे आपल्याला नवे नाही.

त्याच नदीवर बेलो मोंते हे प्रचंड धरण झाले. २०१६ पासून तिथे वीज निर्माण होऊ लागली आणि २०१९ मध्ये काम पूर्ण झाले. नदीच्या मोठ्या वळणातले पाणी कालव्याकडे वळवले गेले, काठावरचे मच्छीमार आणि आदिवासी देशोधडीला लागले. कोयनेच्या आणि उजनीच्या धरणग्रस्तांना यातले दुःख समजावून सांगावे लागणार नाही. वर मासे पकडून परदेशी विकण्याचा धंदा आहेच. म्हणून ब्राझीलने २०१७ मध्ये आपल्या नदीतल्या पाकटांचे नाव वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या यादीत घातले. या कराराला सायटीस म्हणतात. पुढे २०२२ च्या पनामा परिषदेत शिंगूच्या काळ्या पाकटासह सात जाती अधिक कडक अशा दुसऱ्या यादीत गेल्या.

याचा आपल्याशी संबंध आहे. भारताने २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती केली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि सायटीसच्या यादीतले परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने ‘परिवेश’ या सरकारी संगणकीय व्यवस्थेत त्याची नोंद करावी लागते. पिल्ले झाली, मासा मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवावे लागते. श्रीमंताकडे वकील असतो. आपल्या मुलाकडे बिनकागदाचा मासा सापडला तर काय होईल, याचा विचार घेण्याआधी करावा. दुकानदाराकडे कागद मागावेत, आणि तो ‘सगळेच घेतात’ म्हणाला तर परत फिरावे.

सांभाळणे जमेना म्हणून मासा तळ्यात किंवा नदीत सोडून देणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. याला कुणी जीवदान म्हणू नये. सिंगापूरमध्ये अशाच सोडून दिलेल्या मोटोरो पाकटांनी पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात ठाण मांडले. आपल्याकडच्या अनेक तलावांत तो शेवाळखाऊ सकर मासा असाच पसरला आहे. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि नुकसान होते गरीब मच्छीमाराचे.

कर्ज काढणाऱ्यांसाठी दोन शब्द

पाकटाची मादी एका विणीत थोडीच पिल्ले देते. ती वयात यायला काही वर्षे जातात आणि तोवर खाणे, पाणी, वीज चालूच. थायलंड, तैवान, इंडोनेशियातल्या मोठ्या शेतांवर यांची पैदास होते, त्यांच्याशी चाळीतल्या टाकीने स्पर्धा करायची म्हणजे घर गहाण टाकायचे. गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे मात्र सिमेंटच्या साध्या हौदात वाढतात. गप्पीची मादी जवळजवळ दर महिन्याला वीस-तीस पिल्ले टाकते. पिल्लू मेले तरी काही रुपयांचे नुकसान, आणि शिकायला मिळते ते वेगळेच.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घराच्या परसातल्या छोट्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी ३ लाख रुपये खर्च धरला होता. सर्वसाधारण वर्गाला त्यावर ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान होते. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरले आहे, तेव्हा हा हक्क आपला आहे. आज कोणती योजना चालू आहे, जात प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात लागते, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारावे, दलालाला नव्हे. बचत गटातल्या भगिनींनी तर जरूर विचारावे.

टाकी धुणाऱ्या मुलांसाठी

आता मुख्य गोष्ट. पाकटाच्या शेपटीवर काटा असतो, कधी दोन. करवतीसारखा दातेरी, आणि दाते मागे वळलेले. म्हणून तो शिरताना सहज शिरतो, निघताना मांस फाडतो. काट्यावर पातळ कातडीचे आवरण असते आणि त्यात विष. काटा मोडला किंवा गळला तरी नवा येतो. पाकट स्वतः होऊन अंगावर येत नाही. दाबला गेला, कोपऱ्यात अडकला, जाळीत घेतला, की शेपटी उसळते. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीच्या उथळ पाण्यात कित्येक भाविकांना पायाला समुद्री पाकटाचे डंख बसले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध प्राणीमित्र स्टीव्ह आयर्विन २००६ मध्ये छातीत पाकटाचा काटा शिरून गेले. तसा मृत्यू दुर्मीळ, पण नदीच्या पाकटाचा डंख असह्य दुखतो आणि पुष्कळदा जखमेभोवतीचे मांस कुजते. हातावर पोट असणाऱ्याचा हातच असा महिनाभर निकामी झाला तर घर कसे चालायचे?

म्हणून टाकीत हात घालण्याआधी पाकट कुठे आहे ते पाहा. वाळूत पुरलेला असेल तर फक्त डोळे दिसतात. शक्य तर टाकीत जाळीचा किंवा काचेचा आडोसा घालून त्याला एका बाजूला ठेवा. काच पुसायला लांब दांड्याचा ब्रश, पाणी काढायला नळी. रबरी हातमोजे काटा अडवत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका. पाकटाला जाळीने उचलू नका, काटा जाळीत अडकतो. एकट्याने हे काम करू नका, घरात मालकाचे माणूस हजर असले पाहिजे. आणि ज्या टाकीत पाकट आहे तिचे पैसे साध्या टाकीइतकेच घेऊ नका. धोका आपला असेल तर दर आणि दवाखान्याचा खर्च आधी ठरवून घ्यावा, जमल्यास कागदावर. बाबासाहेबांनी कामगारांसाठी जे मिळवले ते गिरणीच्या फाटकापुरते नव्हते.

तरीही काटा लागलाच तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा. मग हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, साधारण ४५ अंशांच्या आत. उष्णतेने या विषाचा जोर कमी होतो. अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावे, पाणी निवेल तसे बदलावे. दुखऱ्या हाताला उष्णता नीट कळत नाही, म्हणून पाणी आधी चांगल्या हाताने तपासावे, नाहीतर वर भाजेलही. घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने चोखू नका. चुना, हळद, मंत्र, उतारा यांत वेळ घालवू नका. काटा छातीत, पोटात किंवा मानेत शिरला असेल तर तो ओढून काढू नका, तसाच ठेवून तडक रुग्णालय गाठा. वेदना थांबली तरी डॉक्टरकडे जाणे चुकवू नये. काट्याचा तुकडा आत राहिला काय हे क्ष-किरणाने पाहावे लागते, धनुर्वाताचे इंजेक्शन लागते, आणि टाकीच्या पाण्यातल्या जंतूंनी जखम चिघळू नये म्हणून औषधेही. डॉक्टरांना ‘मासा चावला’ असे मोघम सांगू नका, ‘नदीच्या पाकटाचा काटा लागला’ असे स्पष्ट सांगा.

कामावर निघताना पिशवीत एक थर्मास गरम पाणी घ्यावे. मालकाच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवायला प्रत्येक ठिकाणी परवानगी मिळतेच असे नाही.